साथीला कोण?

गाणे चालू होते आणि गाणारा थांबला होता. पडद्यावर कराओकेचे शब्द उमटत होते, डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर पिवळे होत चालले होते, ढोलक आणि व्हायोलिने आपापल्या जागी बिनचूक वाजत होती, आणि पन्नाशीचे ते गृहस्थ हातात माईक धरून त्या अक्षरांकडे पाहत उभे होते. पहिले कडवे त्यांनी चांगले म्हटले होते. आवाज जाडसर, पण सुरात होता. मधले संगीत संपून दुसरे कडवे जिथे उचलायचे, तिथे त्यांचा अंदाज चुकला. ओळ पकडायला गेले तोवर ती निम्मी सरली होती, पुढची पकडावी तर शब्द तोंडात यायच्या आत तीही पिवळी झाली. मित्रांनी टेबलावरून ‘होऊ द्या मालक’ म्हणून आवाज दिला, टाळ्यांनी ठेका धरला. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, मग हसून मान हलवली, माईक स्टँडला अडकवला आणि व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांच्या पाठीमागे गाणे शेवटच्या स्वरापर्यंत वाजत राहिले. कोणी त्यांची चेष्टा केली नाही, आणि त्यांनीही ते फारसे मनाला लावून घेतलेले दिसले नाही. मनाला लागले ते माझ्या. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची संक्रांतीची जत्रा, उठली, होम मैदान मोकळे झाले, तरी भाजी निवडताना किंवा बँकेच्या रांगेत उभी असताना ते गायकाविना वाजणारे गाणे मला ऐकू येई आणि वाटे, ते थांबले कसे नाही?

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि संक्रांतीला न चुकता घरी येते. सोलापूरची कितीतरी मुले आता अशीच आहेत. वर्षभर पुणे नाहीतर हैदराबाद, आणि गड्ड्याला मात्र सिद्धेश्वरांच्या दारात. अक्षता सोहळ्याला आम्ही दोघी संमती कट्ट्यापासून बऱ्याच लांब, गर्दीत दाबून उभ्या होतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, त्यांनी तोलून धरलेले उंच नंदीध्वज, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा पुकारा झाला की चहूकडून उठणारा तो एकच आवाज. त्यात माझाही आवाज होता. एरवी मी मोठ्याने बोलतसुद्धा नाही, पण तिथे छातीतून आवाज निघतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या आवाजात मिसळून जातो. भाचीने ते पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “मावशी, आज तू माझ्याबरोबर होटगी रोडला चल. तिथं गाता येतं.”

‘तिथं’ म्हणजे बार आहे हे तिने रिक्षात बसल्यावर सांगितले. माझ्या लहानपणी परमिट रूम म्हणजे रस्त्याकडेचा जाड पडदा, आत लाल दिवा आणि मान खाली घालून बाहेर पडणारे पुरुष. बायकांसाठी फॅमिली रूम असे, म्हणजे लाकडी पार्टिशनच्या आडची चार टेबले, आणि तिथेही कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून माणसे घाईघाईने जेवून उठत. ही जागा तशी नव्हती. काचेच्या दारातून सगळे रस्त्यावरूनच दिसत होते. दारातल्या मुलाने भाचीच्या धाकट्या भावाचे आधार कार्ड पाहिले. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालच्या माणसाला कडक मद्य देता येत नाही, म्हणून त्याच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधली. त्याने तक्रार न करता लिंबू सोडा मागवला आणि मीही तोच घेतला. टेबलावर चकणा म्हणून मसाला शेंगा आल्या, आणि त्या पहिल्या घासाला तरी मला आपल्या गावात असल्यासारखे वाटले.

भिंतींवर गिटारी टांगलेल्या होत्या, छताला जुन्या काळ्या तबकड्या चिकटवल्या होत्या आणि लांबलचक काउंटरच्या दर्शनी बाजूवर पेटीच्या पट्ट्या रंगवल्या होत्या. त्या पट्ट्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले. रंगवणाऱ्याने प्रत्येक दोन पांढऱ्यांच्या मध्ये एक काळी काढली होती, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खऱ्या पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जथ्याने येतात, मध्ये जागा सुटते, आणि त्या सुटलेल्या जागेवरूनच बोटाला अंधारातही कळते की आपण कुठे आहोत. या काउंटरवर बोटाला काहीच कळले नसते. कोपऱ्यात ज्यूकबॉक्सच्या आकाराचे एक कपाट होते, कडेने रंगीत नळ्यांचे दिवे आणि मध्ये स्पर्शाने चालणारा पडदा. मद्यालयात पैसे टाकून गाणे ऐकायची रीत तशी जुनीच. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोत लुई ग्लास नावाच्या माणसाने एडिसनच्या फोनोग्राफला नाणे टाकायची खाच बसवली आणि तो एका सलूनमध्ये ठेवला. त्याला चार नळ्या होत्या, एका वेळी चौघांनी त्या कानाला लावून ऐकायचे. आता नळ्या केवळ शोभेला उरल्या आहेत आणि गाणे साऱ्या दालनाला एकदमच ऐकावे लागते.

खेळांचा भाग काचेच्या भिंतीपलीकडे होता. एअर हॉकीच्या टेबलावर चकती कडेवर आपटल्याचा खट्ट असा आवाज, बास्केटबॉलच्या जाळीवर आकडे पळताहेत, एक मुलगा ठोसा मारून आपल्या ताकदीचा आकडा पाहतो आहे, त्याचे मित्र तो आकडा मोबाइलवर टिपताहेत. सगळे खेळ एका कार्डावर चालतात. कार्ड टेकवले की दिवे लागतात, वेळ संपली की दिवे जातात. भाचीचा भाऊ तिथे रमला. मलाही ते परके वाटले नाही, कारण होम मैदानावर मी हेच पाहत मोठी झाले. बंदुकीने फुगे फोडायचे, साबणाच्या वडीवर रिंग टाकायची, मौत का कुआँच्या कठड्याला टेकून पेट्रोलचा वास छातीत भरून घ्यायचा. फरक इतकाच की गड्ड्यात फुगे लावणाऱ्या बाईला आपण हाक मारू शकत होतो, आणि नेम हुकल्यावर तीच एखादी गोळी जास्तीची भरून द्यायची.

व्यासपीठ मात्र मला चुकवता येईना. ते जमिनीपासून वीतभर उंच होते, त्यावर एक स्टँड, समोर भला मोठा पडदा, आणि ज्याला वाटेल त्याने चिठ्ठीवर गाण्याचे नाव लिहून द्यायचे. तिथेच ते गृहस्थ चढले आणि उतरले.

कराओकेच्या, म्हणजे गाणाऱ्याला नुसती साथ वाजवून देणाऱ्या या यंत्राची जन्मकथा मला आधीपासून ठाऊक होती, आणि त्या रात्री ती आठवत राहिली. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक बारमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. गिऱ्हाइके व्यापारी, कारखानदार, हौशी. त्यांचा ताल सुटायचा, सूर घसरायचा, आणि हा त्यांच्या मागेमागे जाऊन त्यांना सावरून घ्यायचा. त्यातल्या एकाला बाहेरगावी एका मेजवानीत गायचे होते आणि याच्या साथीशिवाय गाता येत नव्हते. इनोउएला जाता येईना, म्हणून त्याने त्या माणसाच्या चालीने साथ टेपवर वाजवून दिली. पुढे १९७१ साली त्याने नाणे टाकून चालणारी यंत्रे तयार केली आणि ती बारना भाड्याने दिली. पेटंट घेतले नाही. त्याच्या कल्पनेवर जगभर केवढा तरी धंदा उभा राहिला. मला त्यातली पैशाची बाजू फारशी ओढून घेत नाही. मला हे विलक्षण वाटते की हे यंत्र एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट चुका पाठ असलेल्या साथीदाराने, त्या माणसाला एकटे पडू नये म्हणून बनवले. टेपवरची ती पहिली साथ त्या एकाच गळ्याच्या मापाची होती. नंतरची सगळी यंत्रे कोणाच्याच मापाची नाहीत.

माझे वडील असे साथीदार होते. लक्ष्मी-विष्णू कापड गिरणीत ते जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम होते आणि गुरुवारी रात्री आमच्या चाळीतल्या भजनाला पेटी वाजवत. मिलमधल्या मागांच्या आवाजाने त्यांचे कान उतरत्या वयात मंद झाले, पण गाणाऱ्याचा श्वास त्यांना ऐकू यायचा. भजनाला बसणारे सगळे पाळीचे कामगार. कोणी पहिली पाळी करून झोप काढून आलेला, कोणी रातपाळीला जायच्या आधी तासभर टेकलेला. भोंगा झाला की अर्धी सतरंजी उठून जायची. चक्री भजन असायचे, म्हणजे बैठकीतल्या प्रत्येकाने आळीपाळीने एकेक अभंग म्हणायचा, आवाज असो नसो. आणि बहुतेकांना तो नसायचाच. सुताची धूळ गळ्यात बसलेली, खोकला मधूनच उफाळणारा. अशा माणसाने अभंग उचलला की बाबा प्रथम पेटी वाजवतच नसत. डावा हात भात्यावर नुसता ठेवायचा, मान थोडी वाकवायची आणि तो कोणत्या स्वरावर टेकतो आहे ते पाहायचे. मग उजव्या हाताचे एकच बोट हळूच त्या पट्टीवर उतरायचे. काळी एक असेल तर काळी एक, दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल तर जवळची पट्टी धरून त्याला कळू न देता तिच्याकडे ओढून आणायचे.

आणि जर तो चुकला, कडवे विसरला, दुसऱ्याच अभंगाची ओळ तोंडात आली, तर बाबा ध्रुवपदावर यायचे. ध्रुवपद सगळ्यांना पाठ. टाळकरी ते उचलून धरत, पखवाज ठेका सोडत नसे, आणि त्या भरीव आवाजाच्या आडोशाला बसून चुकलेला माणूस हरवलेले कडवे शोधून काढायचा. कितीही वेळ लागला तरी चालत असे. त्याला ओळ सापडली की त्याची मान वर व्हायची, बाबा डोळ्यांनी ‘ये’ म्हणायचे आणि सगळी बैठक एका क्षणात आवाज उतरवून त्याला वाट द्यायची. बाहेरून ऐकणाऱ्याला कळायचेही नाही की काही चुकले होते. मी पुढे मोठमोठ्या गवयांच्या मैफली ऐकल्या, हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्या रांगेत बसून ऐकल्या, पण साथ म्हणजे काय हे मला त्या खोकणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्यासाठी थांबणाऱ्या पेटीने शिकवले.

हे सगळे मी त्या गोंगाटात भाचीच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते. ती ऐकत होती, तिला आजोबा नीट आठवतही नाहीत. माझे बोलणे संपल्यावर तिने शांतपणे विचारले, “आजोबांनी मला सतरंजीवर बसवलं असतं का गं?”

मला उत्तर देता आले नाही.

कारण मी स्वतः त्या सतरंजीवर कधी बसले नाही. रविवारी सकाळी बाबा एकटेच पेटी काढून बसत तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून गायची. माझी पट्टी त्यांना माहीत होती, मी आळस करून खाली उतरले तर ते मला वर खेचत. पण गुरुवारी मी आईबरोबर उंबऱ्याच्या आत, चहाच्या आधणापाशी. एकदा, मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, टाळकऱ्यांच्या मागून मी आतल्या आत ध्रुवपद धरले आणि ते बाहेर ऐकू गेले. मंडळातले एक वयस्क बुवा कौतुकाने म्हणाले, पोरीचा गळा गोड आहे, तिला एक गवळण म्हणू द्या की. बाबांनी भाता दाबून धरला आणि म्हणाले, “ती घरात गाते.” तेवढेच, आणि पुढचा अभंग सुरू झाला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते सांगत होते ती जणू रीतच होती, आणि आईने माझ्या हातात कपांचा ट्रे दिला. आमच्या चाळीमागे राहणारा एक मुलगाही त्या दारात उभा राहून ऐकायचा. तो हलगी अशी वाजवायचा की मिरवणुकीत लेझीमवाले त्याच्यासाठी थांबत. त्याला चहा मिळायचा. त्याला सतरंजीवर बोलावलेले मला आठवत नाही.

आईची भीती मी तिला दोष न देता समजू शकते. आमच्या भागात रात्री चार माणसांसमोर गाणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर मोडनिंबची थिएटरे येत. संगीत बारीतल्या त्या बायका पेटी आणि ढोलकीच्या साथीने रात्रभर गातात, बसून अदा करतात, गिऱ्हाईक सांगेल ती लावणी काढतात, आणि त्यांची ताना घ्यायची तयारी भल्याभल्यांना जमणार नाही इतकी असते. ज्यांनी त्यांच्यावर पैसे उधळले त्यांनी आपल्या घरी त्यांचे नाव कधी काढले नाही. हे सोलापूर जिल्ह्याचे दुखणे आजचे नाही. पेशवाईतले शाहीर राम जोशी आमच्याच गावचे; त्यांनी लावण्या रचल्या, पुढे कीर्तने केली, आणि पुरुष असल्यामुळे त्यांना एका फडावरून दुसऱ्या व्यासपीठावर जाता आले. लावणी गाणाऱ्या बाईला कीर्तनाच्या बैठकीत कोणी जागा दिली असती असे मला वाटत नाही. म्हणून आईने मला उंबऱ्याच्या आत ठेवले, आणि बाबांनी, ज्यांचे कान जगातल्या कोणाच्याही चुकीसाठी उघडे होते, त्यांनी ते तसेच राहू दिले.

मग गिरण्याच बंद पडल्या. १८७७ साली जिथून या गावाचे गिरणगाव झाले ती जुनी मिल तर आधीच मिटली होती. पुढे लक्ष्मी-विष्णूचाही भोंगा वाजेनासा झाला. पाळ्या गेल्या तशी गुरुवारची माणसे पांगली, कोणी यंत्रमागावर, कोणी रिक्षावर, कोणी मुलाकडे भिवंडीला. भजन कोणी बंद केले नाही. एका गुरुवारी तिघेच आले, पुढच्या गुरुवारी बाबांनी पेटी काढली नाही.

त्या रात्री भाचीच्या प्रश्नानंतर मी व्यासपीठाकडे नव्याने पाहू लागले. चार मुलींचे एक टेबल होते, एकीच्या गळ्यात अजून ऑफिसचे ओळखपत्र लटकत होते. त्यांतली एक उठली आणि तिने तेलुगू गाणे लावायला सांगितले. पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला वाढलेली मुलगी असणार; तिथे घराघरांत तेलुगू बोलतात, बायका विड्या वळता वळता गातात. तिने दोन ओळी म्हटल्या आणि पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी मुलांनी तिसरी ओळ तिच्याबरोबर उचलली. तिला कोणी विचारले नाही तू कुणाची, कुठल्या गल्लीतली, रात्रीची बाहेर कशी. तिच्या मागून एका मुस्लीम घरातल्या पोराने कव्वाली ओढली, त्याच्या मागून एका जोडप्याने युगुलगीत म्हटले आणि बाईने नवऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हटले. यंत्र कोणासाठी थांबत नव्हते हे खरे. पण त्याने दारात कोणाला उभेही ठेवले नव्हते. माझ्या वडिलांची पेटी सतरंजीवरच्या प्रत्येकासाठी थांबली, आणि सतरंजी किती लांब अंथरायची हे मात्र दुसऱ्याच कोणीतरी ठरवून ठेवले होते. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी डोक्यात धराव्या लागल्या, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

अर्थात या दालनालाही उंबरा आहे आणि तो पैशाचा आहे. खेळांच्या एका कार्डात आम्ही जेवढे घालवले तेवढी मजुरी हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात दिवसाअखेरी पडत नाही. त्या मुलीची आई तिथे येऊन गाऊ शकली नसती.

भाची पुन्हा आली तेव्हा मीच तिला म्हटले, चल, जाऊ या. आठवड्यातला मधला वार होता, अर्धी टेबले रिकामी होती, खेळांच्या बाजूचे दिवे नुसतेच लुकलुकत होते. गर्दी नसल्यामुळे मला प्रथमच दिसले की गाणी आपोआप लागत नाहीत. व्यासपीठाच्या उजव्या अंगाला एक जाड चौकोनी खांब आहे, आणि त्या खांबाच्या आड छोट्या टेबलावर लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन एक पंचविशीतला मुलगा बसलेला असतो. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कोणीतरी गात होते. गाणाऱ्याचा आवाज वरच्या स्वराला ताणला जाताच या मुलाने पडद्याकडे न पाहता, कान गाणाऱ्याकडे ठेवून, एक बटण दोनदा दाबले. सगळा वाद्यमेळ दोन घरे खाली उतरला. कडवे आणि ध्रुवपद यांच्या मधल्या जागेत त्याने ते केले, त्यामुळे ऐकणाऱ्याला धक्का बसला नाही. गाणाऱ्यालाही कळले नाही, फक्त त्याचे खांदे सैल झाले. त्या मुलाच्या मानेचा तो बाक मी ओळखला.

मी विचारल्यावर त्याने सांगितले की तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत आणि गणपतीत कार्यक्रम मिळतात, एरवी इथे. मग मी माझ्या मनात रुतलेले विचारले, एखाद्याची ओळ चुकली तर तू ते थांबवत का नाहीस? तो म्हणाला, “असे रोज दोघं-तिघं असतात काकू. एंट्री हुकते. मी इथून हात वर करून खुणावतो, पण सगळे पडद्याकडेच बघतात, आणि हा खांब. ऑर्केस्ट्रात असतो तर मधला म्युझिक पीस परत वाजवला असता, माणूस येईपर्यंत.” मी म्हटले, मग गाणे मागे का घेत नाहीस? त्याने मान हलवली. “ट्रॅक मागं घेतला की सगळ्या हॉलला कळतं. माणूस आणखी लाजतो, परत वर चढत नाही. म्हणून मी चालू ठेवतो. गाणं वाजत असलं की लोक टाळ्या तरी वाजवतात.”

म्हणजे ते गाणे यंत्र बेफिकीर होते म्हणून वाजत राहिले नव्हते. त्या गृहस्थांची लाज झाकायला या मुलाने ते वाजू दिले होते. त्याच्याकडे ध्रुवपद धरणारे टाळकरी नाहीत, भाता नाही, गाणाऱ्याची नजर नाही. त्याच्याकडे जेवढे होते तेवढ्याने त्याने सांभाळून घेतले. आणि खांबाआड असल्यामुळे ज्याला सांभाळले त्यालाही ते कधी कळणार नाही. मला बाबांचा राग आला आणि बाबांची आठवण आली, दोन्ही एकदमच. त्यांच्या सारखेच कान घेऊन हा मुलगा, तेलुगू मुलीपासून माझ्यापर्यंत कोणालाही नकार न देता, एका खांबामागे बसला होता.

“तुम्ही म्हणा की एखादं,” तो म्हणाला. मी जुने हिंदी गाणे सांगितले, रेडिओवर ऐकून पाठ झालेले. त्याने मला सहज एक ओळ गुणगुणायला लावली आणि विचारले, “काळी चार झेपेल, का पांढरी पाचवर घेऊ?” या भाषेत मला कोणी विचारून कितीतरी वर्षे झाली होती. पांढरी पाच, मी म्हटले. मग मी त्याला सांगितले की मी पडद्याकडे पाहणार नाही, शब्द मला येतात, तू मला दिसशील असा उभा राहा. तो लॅपटॉपची वायर पुरेल तेवढा पुढे सरकला, अंगाने खांबाबाहेर आला. मी व्यासपीठावर चढले. पहिल्या ओळीला माझा आवाज कापला. दुसऱ्या कडव्याच्या आधी संगीताचा मोठा तुकडा होता, आणि तो संपता संपता त्याने हनुवटी उचलून डोळ्यांनी ‘ये’ म्हटले. मी आले. भाची टेबलावर कोपरे टेकून पुढे झुकून ऐकत होती आणि वेटर ट्रे घेऊन जिथल्या तिथे उभा राहिला होता. मी ते गाणे पूर्ण म्हटले.

बिल देताना मी मॅनेजरशी बोलले. ते भले गृहस्थ आहेत, खुर्ची देऊन त्यांनी ऐकून घेतले. मी सांगितले की त्या मुलाचे टेबल खांबाआडून काढून व्यासपीठासमोर, गाणाऱ्याला दिसेल असे ठेवा. भजनात पेटीवाला नेहमी गाणाऱ्याला दिसेल असाच बसतो, तशी जागा द्या. आणि दारावरच्या पाटीवर डिश आणि ऑफर लिहिता तिथे त्याचेही नाव लिहा, कारण लोक त्याच्या भरवशावर गातात. ते म्हणाले, टेबल हलवले तर वायर पुरत नाही, शिवाय खेळांकडे जायची वाट थोडी अडते. मी म्हटले, वायर नव्या पेठेत मिळते, आणि वाट अडत असेल तर पुढची दोन टेबले हातभर मागे सरकवता येतील. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, बार बंद असताना, विडी कामगार बायकांना आणि चाळींतल्या भजनी मंडळांना ही जागा भाडे न घेता गायला दिली तर मी स्वतः माणसे गोळा करून आणीन. त्यांनी दुपारचे मालकांना विचारून सांगतो म्हटले, आणि उठून त्या मुलाला हाक मारली, वायर नेमकी किती फूट लागेल ते मोजून द्यायला.